सायबाचं कपाट

काष्टीच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला जी वस्ती आहे, तिथल्या एका साईडबोर्डाने जेवढी लग्नं जमवली तेवढी एखाद्या वधूवर सूचक मंडळानेही जमवली नसतील. साईडबोर्ड हा शब्द मात्र तिथे कुणाच्या तोंडी नव्हता. सगळे त्याला सायबाचं कपाट म्हणायचे. कमरेइतकं उंच, भिंतभर लांब, काळपट शिसवी लाकूड, पितळी मुठींचे खण, खाली द्राक्षांचे घोस कोरलेली दारं आणि पाठीला आरसा. आरसा जुना, पिवळट पडलेला, पण त्यात कुणीही पाहिलं तरी माणूस जरा खानदानी दिसायचा. नगरच्या कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा श्रीमंतअण्णांनी ते हौसेने उचललं होतं. घरी आणल्यावर त्यांच्या पुण्याच्या सुनेने नाक मुरडलं. तिला मॉडर्न साईडबोर्ड हवा होता, पांढराशुभ्र, दार ढकललं की आवाज न करता आपोआप मिटणारा. तसा आला, आणि सायबाचं कपाट पडवीत गेलं. तिथे त्याच्यावर खताच्या पिशव्या बसल्या.

पुढे अण्णांच्या पुतण्याकडे मुलीचे लोक घर बघायला यायचे होते. पुतण्याच्या आईने ते कपाट मागून नेलं, पुसून, खोबरेल लावून जेवणाच्या खोलीत ठेवलं आणि वर काचेचे पेले मांडले. लग्न जमलं. ते कपाटामुळे जमलं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण वस्तीला सिद्ध करून घ्यायची गरजच वाटली नाही. तेव्हापासून ज्याच्या घरी पाहुणे त्याच्या घरी कपाट, असा रिवाजच पडून गेला. कानिफनाथचा टेम्पो ठरलेला, दोरखंड ठरलेले, अंगणातून आत न्यायची तिरकी तऱ्हासुद्धा ठरलेली.

हे ऐकून हसू येणं सोपं आहे. ज्यांच्या घरात तिशी ओलांडलेला मुलगा बसलाय त्यांना ते येत नाही. पूर्वी मुलगी बघायला जायचे आणि तिला चालून दाखवायला लावायचे. आता दिवस फिरलेत, आता घराला चालून दाखवावं लागतं. मुलीकडचे येतात, नळ सोडून पाण्याला जोर किती ते बघतात, संडास आत आहे का बाहेर ते बघतात, मोबाईल वर धरून रेंज बघतात. त्यांचं चुकतं असंही नाही. पोरगी द्यायची तर बघून द्यायला हवी. पण ज्याचं घर बघितलं जातं त्याचा जीव टांगणीला लागतो, हेही खरंच आहे.

भिमाजी दरेकराचा जीव असाच टांगणीला लागलेला होता. त्याचा एकुलता एक मुलगा हर्षल. वय तेहतीस, बायोडेट्यात एकतीस. डिप्लोमा झालेला, काष्टीत ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान, घरची बागायत, तंबाखूचंसुद्धा व्यसन नाही. तरी नकार येत होते. शेवटचा नकार आला तेव्हा छबूबाई, जी नात्यातली स्थळं जुळवायची, ती ओट्यावर बसून सरळ बोलली.

"पोरात खोट न्हाई, घरात न्हाई. पन तुमच्या डायनिंग हालात बाजंवर एक म्हातारा बसलेला हुता म्हनं. बिनलग्नाचा. त्याचं हागणंमुतणं उद्या आमच्या पोरीनं काढायचं का, असं त्ये म्हनले. आता मी काय सांगू?"

तो म्हातारा म्हणजे रामहरी, भिमाजीचा थोरला भाऊ. म्हातारा तर तो नव्हताच, साठीच्या आतबाहेर. तरणा असताना उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा पाय सापडला. पाय वाचला, पण आखूड झाला. त्या पायापायी त्याला मुलगी कुणी देईना, आणि थोरल्याचं होईना म्हणून धाकट्याचं अडलं. तेव्हा रामहरीच म्हणाला, भिमाचं उरकून टाका, माझं बघू. त्याचं कुणी बघितलं नाही. तो काही देवमाणूस वगैरे नव्हता. तंबाखू खायचा, कुठेही पिंक टाकायचा, रात्री असा घोरायचा की कुत्री भुंकायची, आणि भिमाजीच्या बायकोच्या, सविताच्या कालवणाला रोज नावं ठेवून रोज दोनदा मागून घ्यायचा. पण हर्षल नगरला शिकत होता तेव्हा त्याचा डबा एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायला रोज सकाळी फाट्यावर जाऊन उभा राहायचा तो रामहरीच. पाऊस असो, थंडी असो, ती लंगडी चाल फाट्याकडे निघायचीच.

नवीन घर बांधलं तेव्हा इंजिनिअरने नकाशात डायनिंग हॉल काढला होता. टेबल आलं, खुर्च्या आल्या. पण घरातलं कुणी टेबलावर जेवायचं नाही. खाली मांडी घालून बसल्याशिवाय पोट भरल्यासारखंच वाटायचं नाही. तेव्हा भिंतीकडेला रामहरीची बाज पडली ती पडलीच. खोली हवेशीर होती आणि त्याला उंबरे ओलांडायला त्रास व्हायचा.

आता श्रीरामपूरचं स्थळ आलं होतं. मुलगी राजेश्वरी, डी. फार्मसी झालेली, मेडिकल दुकानात काम करणारी. वडील हनुमंत, एसटीच्या डेपोत कंट्रोलर. भिमाजी, सविता आणि हर्षल तिकडे जाऊन आले होते. मुलगा-मुलगी बोलली होती, दोघांना पसंत होतं. राहिलं होतं फक्त घर बघणं.

"ह्या येळंला मी रिस्क घेनार न्हाई," छबूबाई म्हणाली. "कपाट आना. आन् थोरल्यांचं काय त्ये बघा."

"आन् लग्नानंतर?" भिमाजीने विचारलं.

"आक्षता पडल्यावर कोन माघारी जातंय? पोरगी घरात आली की तिलाबी माया लागंल."

भिमाजी नको म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कपाट मागायला तोच गेला. जन्मात कुणाच्या दारात फावडं मागायलासुद्धा उभा न राहिलेला माणूस, श्रीमंतअण्णांच्या ओट्यावर जाऊन पायातल्या चपलांकडे बघत बसला. अण्णांनी चहा पाजला, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग आपणच म्हणाले, "कपाट पायजेल का? न्या की. फक्त रविवारी चारला मोकळं करा. त्या दिवशी खालच्या आळीलाबी पाव्हनं हायत संध्याकाळी." त्यांनी हसत सांगितलं, पण भिमाजीला वाटलं, आपण रांगेत उभे आहोत आणि आपल्या मागेही कुणीतरी आहे.

हर्षलने मोबाईलवर बघून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आबा, शंभर वर्षांच्या वरचं आसंल तर त्याला अँटिक म्हनायचं. त्याच्या आलीकडचं त्ये व्हिंटेज. कुनी इचारलं तर अँटिक सांगा."

"आपल्यात जुनं आन् नवं, दोनच जाती," भिमाजी म्हणाला. तरी त्याने तो शब्द मनाशी दोनतीनदा घोकला.

शनिवारी संध्याकाळी टेम्पो आला. कपाट उतरवायला कानिफनाथ, हर्षल, भिमाजी आणि रामहरी. रामहरीचा पाय अधू असला तरी खांदे बैलाचे होते. जड बाजू त्यानेच धरली. सगळ्यांनी मिळून ते डायनिंग हॉलमध्ये आणलं आणि मग सगळेच थांबले, कारण एवढं लांब कपाट लागेल अशी भिंत एकच होती आणि तिथे बाज होती.

सविता पदर सावरत म्हणाली, "भावजी, उंद्या पाव्हनं येनार..."

"म्हाईत हाय मला."

"तसं न्हाई वो, पन जरा..."

"मी बाज विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत न्हेतो," रामहरी म्हणाला. "ह्या सायबाला जागा नगं का? आन् उंद्या मी फाट्यावर जाऊन बसतो. मला कुठं त्या पाव्हन्यांसंगट च्या प्यायचाय."

"तात्या, तुमी ऱ्हावा की हितंच," हर्षल म्हणाला, पण हळू म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. भिमाजी खाली बसून कपाटाच्या पायाखाली घडी केलेला पुठ्ठा सरकवत राहिला. कपाट डुगडुगत नव्हतं. त्याला फक्त भावाकडे बघायचं नव्हतं. रामहरीने बाज उभी केली, गोधडी बगलेत मारली आणि लंगडत लंगडत अंधारातून विहिरीकडे गेला. त्याला मदत करायला कुणीच उठलं नाही, आणि ते आपल्याला सुचलं कसं नाही याचं भिमाजीला पुढे फार वाईट वाटलं. सुचलं होतं, हे मात्र त्याने स्वतःशीही कबूल केलं नाही.

रविवारी पाहुणे यायचे होते बाराला. आले तेव्हा तीन वाजत आले होते. वाटेत कुणा नातेवाइकाचा साखरपुडा होता, तिथून निघता निघता उशीर झाला. हनुमंत, मुलीचा मामा आणि छबूबाई. मामा उंच, बोलघेवडा, डोळे सगळीकडे फिरणारे. गाडी त्यांनी सावलीसाठी घरामागच्या चिंचेखाली लावली.

घर बघून झालं. नळ सोडून झाले. मग मंडळी डायनिंग हॉलमध्ये आली आणि मामा थेट कपाटासमोर जाऊन उभा राहिला. त्याने द्राक्षांच्या नक्षीवरून बोट फिरवलं, एक खण ओढून बघितला, आरशात आपल्या मिशा बघितल्या.

"भारी वस्तू हाय. कुठनं घेतली?"

"अँटिक हाय," भिमाजी म्हणाला, आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढे बोलला, "घेतलं न्हाई. वडलार्जित हाय."

"आसं? वडील काय करायचे?"

"वडील कॅम्पात हुते. सायबाकडं. सायेब जाताना दिऊन गेला."

भिमाजीचे वडील नगरला गेले होते ते जन्मात एकदाच, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. मामाने हनुमंताकडे बघितलं, हनुमंताने छताच्या पंख्याकडे बघितलं. भिमाजीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याला वाटलं, आता विचारणं पुरे व्हावं. पण हनुमंत साधा, सरळ माणूस होता आणि त्याने साधाच प्रश्न विचारला.

"घरात मानसं किती तुमी?"

"तिघंच," भिमाजी म्हणाला. "मी, ही आन् हर्षल."

सविता भाकऱ्या घेऊन येत होती ती दारात क्षणभर थबकली आणि मग आत आली.

जेवणं टेबलावर सुरू झाली. मटणाचा रस्सा होता, बाजरीच्या भाकरी होत्या. हनुमंत मिटक्या मारत जेवत होता, मामा भाकरी कुस्करत हनुमंताच्या डेपोतल्या गमती सांगत होता, आणि भिमाजीला प्रथमच वाटायला लागलं की हे जमणार. एवढ्यात अंगणात टेम्पोचा हॉर्न वाजला.

चार वाजले होते. उशिराच्या गडबडीत कपाटाची वेळ सगळ्यांच्याच डोक्यातून गेली होती. कानिफनाथाला समोर गाडी दिसली नाही, त्याने समजून घेतलं की पाहुणे गेले. बरोबर उचलायला माणूस नव्हता म्हणून त्याने फाट्यावर सकाळपासून बसलेल्या रामहरीला टेम्पोत घातलं होतं. पुढचं दार ढकलून, खांद्यावर दोरखंड टाकून रामहरी आत आला आणि पाहुणे बघून जागच्या जागी उभा राहिला.

मामाने घास हातात धरून विचारलं, "हे कोन?"

उत्तर काही अवघड नव्हतं. ते भिमाजीच्या तोंडात होतंच, लहानपणापासून होतं. पण टेबलाशी छबूबाई डोळे मोठे करून बसली होती, हर्षल ताटात बघत होता, आणि नुकतंच आपण घरातली माणसं मोजून दाखवली होती. भिमाजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

रामहरीने त्याच्याकडे बघितलं. ते बघणं रागाचं असतं तर भिमाजीला सोसलं असतं. तो नुसता बघत होता, धाकटा भाऊ कुठे अडलाय ते बघावं तसा.

"मी गडी हाय जी ह्यांचा," तो म्हणाला. "मळ्यात आसतो. कपाटाला पालीश करायचंय, त्ये न्यायला आलोय."

इथे तरी भिमाजीने गप्प बसावं. निदान गप्प तरी बसावं! पण भेदरलेला माणूस गप्प बसत नाही. तो म्हणाला, "व्हय, गडी हाय. लई जुना हाय. घरच्यासारखाच हाय."

सविता स्वयंपाकघरात गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

रामहरी आणि कानिफनाथ कपाटाला लागले. वरचे पेले काढून खाली ठेवले, दोरखंड घातला. एका बाजूने उचललं की दुसरी बाजू आपटायला बघायची. भिमाजी बसून राहिला. मालकाने गड्याबरोबर ओझं उचललं तर पाहुण्यांना काय वाटेल, असला काहीतरी विचार त्याच्या डोक्यात आला, आणि तो आला याची त्याला नंतर किळस आली. उठला तो हनुमंत. हात धुऊन, बाह्या सारून त्याने मधली बाजू धरली.

"नगं पाव्हनं, तुमी जेवा," रामहरी म्हणाला.

"आरं, जड हाय. तुजा पाय आसला." दाराशी दम खायला थांबले तेव्हा हनुमंताने विचारलं, "जेवलास का रं?"

"जेवलो जी."

तो सकाळपासून जेवला नव्हता. घरचं ताट टाकून तो हॉटेलात जेवणारा माणूस नव्हता, हे भिमाजीला पक्कं माहीत होतं. आणि आपल्या थोरल्या भावाला, ज्याला वस्तीतली पोरंसोरंही तात्या म्हणत, कुणीतरी आपल्या घरात अरेतुरे करतंय आणि तो "जी" म्हणतोय, हे ऐकत तो ताटातला रस्सा भाकरीने पुसत राहिला.

निघताना मामा गाडीजवळ थांबला आणि मिस्कील हसला.

"पाव्हनं, येक सांगू का? तुमच्या वडलांचं त्ये कपाट आमी गेल्या म्हैन्यात पलीकडच्या वस्तीवरबी बघितलं. तिथं त्ये त्यांच्या आज्याचं हुतं."

भिमाजीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण हनुमंतच मोठ्याने हसला. "चालतंय वो! तुमी आमच्याकडं आलता तवा ज्या सोफ्यावर बसलात, त्यो शेजारच्या गुरुजींचा हुता. दुसऱ्या दिवशी दिला माघारी." मग सगळेच हसले. छबूबाई तर पदर तोंडाला लावून हसली. भिमाजीही हसला. उसन्या कपाटावर हसता येत होतं, सोफ्यावर हसता येत होतं, सगळं कसं मोकळं मोकळं झालं होतं. ती वेळ होती. तेव्हाच हसता हसता तो म्हणाला असता, की आणखी एक गंमत झाली बघा, तर कदाचित तेही त्या हसण्यात वाहून गेलं असतं. तो तोंड उघडणार तोच गाडी सुरू झाली, असं त्याने पुढे सविताला सांगितलं. ते खरं नव्हतं. गाडी सुरू व्हायला वेळ होता.

संध्याकाळी भिमाजी विहिरीवर गेला. रामहरी मोटारीच्या खोलीत बाजेवर बसून कांदा-भाकर खात होता. सविताने मटणाचा डबा पाठवला होता, तो तसाच बाजूला होता.

"दादा, चल घरात. बाज घेतो मी."

"ऱ्हाऊ दे. साखरपुड्याला परत येतील. उगं ने-आण कशाला."

"दादा, दुपारी..."

"मटान खारट झालंय तुज्या बायकूचं," रामहरी म्हणाला. त्याने डबा उघडलासुद्धा नव्हता.

त्यानंतर रामहरी जेवायला घरी यायचा, पण डायनिंग हॉलमध्ये यायचा नाही. मागच्या पायरीवर बसायचा. कालवणाला नावं ठेवायचा नाही, दुसऱ्यांदा मागायचा नाही. सविता आपण होऊन वाढायची तेव्हा हाताने नको म्हणायचा. भिंत मोकळी झाली होती आणि भिमाजी त्या खोलीतून जाताना तिकडे न बघता जायचा. रात्री घोरण्याचा आवाज नव्हता, तर त्याला झोप लागत नव्हती. हर्षलने दोनदा विचारलं, "आबा, राजेश्वरीला सांगू का मी खरं?" दोन्ही वेळा भिमाजी म्हणाला, "त्यांचा निरोप येऊ दे." पोराने फोन परत खिशात टाकला. त्यालाही ती मुलगी हवी होती, आणि तिच्या बापाच्या एका फोनवर सगळं अडलं होतं.

फोन गुरुवारी आला. दिवेलागणीची वेळ, जेवायला बसलेले होते. सविताने त्या दिवशी हट्टाने रामहरीला आत बोलावून पंगतीला बसवलं होतं. भिमाजीचे हात खरकटे, म्हणून हर्षलने फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि मध्ये ठेवला.

"राम राम भिमाजीराव! आमच्याकडनं पसंती हाय बरं का."

सविताने डोळे मिटून हात जोडले. हर्षलच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की तो एकदम कॉलेजातला पोरगा दिसायला लागला. रामहरीने त्याच्या पाठीवर थाप मारली. चार वर्षांत भिमाजीने पोराचा असा चेहरा बघितला नव्हता.

हनुमंत डेपोतून बोलत होता. मागे गाड्यांचे आवाज, घोषणा चालल्या होत्या. तो रंगात आला होता. साखरपुडा कुठे, लग्न कधी, सगळं बोलला. मग म्हणाला, "मानपानाचं आताच बोलून घिऊ. तुमच्याकडनं चुलते-बिलते कुनी न्हाईत, मंग फेट्याचे मान थोडेच. पन येक हाय. आमच्याकडं घरच्या गड्यामानसाला मोकळं ठिवत न्हाईत. तुमचा त्यो मळ्यातला गडी, लंगडतो त्यो, त्याला मी टॉवेल-टोपी करनार. लई गुनाचा मानूस वाटला मला. नाव काय त्याचं?"

रामहरीने हातातला घास खाली ठेवला आणि हाताने खूण केली, सांगून टाक.

"रामहरी," भिमाजी म्हणाला.

"पुढं काय?"

भिमाजीला वाटलं, कुठलंही आडनाव सांगावं. गावात पन्नास आडनावं होती. सविताने मान खाली घातली होती. समोर पोराचा चेहरा होता, अजून हसरा, पण हसू जागच्या जागी थिजत चाललेलं. आणि शेजारी रामहरी, जो अजून मान हलवून सांगत होता, की दे ठोकून काहीतरी.

"दरेकर," भिमाजी म्हणाला. "रामहरी दरेकर. गडी न्हाई त्यो. माजा सख्खा थोरला भाऊ हाय."

पलीकडे नुसती घोषणा ऐकू येत होती, पुण्याला जाणारी गाडी लागली होती. भिमाजीला वाटलं फोन कटला. मग हनुमंताचा आवाज आला. रागावलेला नव्हता, थकलेला होता.

"भिमाजीराव, कपाटाचं आमी हसलो. कपाट समदेच मागून आनत्यात. पन माजी पोरगी तुमच्या घरात यायची. उंद्या तिला काय झालं, हातपाय मोडला, आजारी पडली, तर पाव्हन्यांम्होरं तुमी तिला कोन म्हनून सांगशीला?"

हनुमंताने उत्तराची वाट बघितली नाही. पोरीशी बोलतो, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

हर्षल ताटावरून उठला आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. सविता पदराने डोळे पुसत होती. भिमाजी आपल्या खरकट्या हाताकडे बघत बसला. शेजारी रामहरीने ताट थोडं पुढे सरकवलं आणि धाकट्या भावाला समजावावं तशा आवाजात म्हणाला,

"कशाला सांगितलंस रं भिमा? टॉवेल-टोपी घेतली आसती मी."